डावा डोळा, उजवा डोळा आणि मी

मित्रांनो, डोळ्यांच्या या दवाखान्यात, नोंदींच्या खोलीत, फायलींच्या कपाटावर एक काळपट पेटी दिसते ना, ती मी. मी एक जुना संगणक. पुढचं बटण आत रुतलंय आणि पंखा म्हाताऱ्या माणसासारखा खोकतो. पण एके काळी या खोलीत माझ्यावाचून पान हलत नसे. तेव्हाच्या गोष्टी आठवल्या की आजही बरं वाटतं.

मला इथे ताईनं आणलं. ताई म्हणजे आमच्या डॉक्टरांची मुलगी. पण दवाखान्यात सगळेच तिला ताई म्हणत, वयानं वीस वर्षं मोठ्या असलेल्या सिस्टरसुद्धा. पेशंटांच्या नोंदींसाठी ती जावा नावाच्या संगणकी भाषेत एक सॉफ्टवेअर लिहीत होती आणि ते तिनं सगळ्या जगाला खुलं ठेवलं होतं. कोणीही घ्यावं, वाचावं, सुधारावं, फुकट वापरावं. तिनं लिहिलेलं सगळं गोळा करून त्याचं चालतं सॉफ्टवेअर बनवायचं, हे माझं काम. त्याला बिल्ड म्हणतात. आणखी सहा दवाखाने माझ्या हातचं सॉफ्टवेअर वापरत. मला त्याचा गर्व होता, उगाच लपवत नाही.

आता तुम्हाला वाटेल, बटण दाबलं की झालं बिल्ड. छे! ताईचं सॉफ्टवेअर इतरांनी लिहिलेल्या चाळीसएक तयार भागांवर उभं होतं. त्या भागांना डिपेंडन्सी म्हणतात, आणि त्यांचे रुसवेफुगवे काय सांगू! एकीला तिसरीची जुनी आवृत्ती हवी, दुसरीला नवीच हवी, आणि एका घरात दोन्ही नांदणार नाहीत. ताई डोकं धरून बसायची. मग एकेकीची समजूत काढून, कोणाला काढून, कोणाला बदलून घडी बसवायची. हिरव्या अक्षरांत 'बिल्ड यशस्वी' उमटलं की माझ्या पाठीवर थाप मारायची. बाहेरून एकदा आणलेला भाग मी माझ्याजवळ जपून ठेवत असे, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा आणायला जायला नको. माझ्या या सवयीचं तिला भारी कौतुक होतं.

सुरुवातीला सॉफ्टवेअरमध्ये कोणाला कसलीच मनाई नव्हती. "सगळी आपलीच माणसं आहेत. कोण कशाला काय बिघडवेल?" असं डॉक्टर म्हणायचे. बिघडवलं कोणी नाहीच. चूक झाली ती खुद्द डॉक्टरांच्या हातून.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी मोतीबिंदूसाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं आणि 'डावा डोळा' असं लिहिलं. दुपारी माझ्यासमोर बसून दुसऱ्या दिवशीची यादी बघताना त्यांना शंका आली. त्यांनी मावशींचा चेहरा मनात आणला. मोतीबिंदूचा डोळा त्यांना आपल्या उजव्या हाताकडे दिसला, म्हणून त्यांनी डावा खोडून उजवा केला. समोर बसलेल्या माणसाचा डावा डोळा आपल्या उजवीकडेच असतो. तीस वर्षं डोळे तपासणाऱ्या माणसाला नेमक्या त्या क्षणी एवढं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर मावशींच्या उजव्या डोळ्यात थेंब घालायला गेल्या.

"अहो बाई, धुरकट दिसतं ते डाव्यानं. या चांगल्या डोळ्यात कशाला घालताय?" मावशी म्हणाल्या, आणि ऑपरेशन थांबलं.

डॉक्टर या खोलीत येऊन बसले. ताई धावत आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला कोणी अडवलं का नाही गं?"

तो प्रश्न ताईच्या मनाला फार लागला. तिनं भिंतीवर एक मोठा खाकी कागद चिकटवला. आडव्या ओळीत माणसं, उभ्या ओळीत कामं, आणि प्रत्येक चौकटीत 'हो' किंवा 'नाही'. पण कागदावर लिहिणं वेगळं आणि सॉफ्टवेअरच्या शेकडो दारांवर, म्हणजे जिथून जिथून नोंद बदलता येते तिथे तिथे, पहारा बसवणं वेगळं. एखादं दार हमखास राहून जायचं.

मग तिला घुबडकाका भेटले. भेटले म्हणजे इंटरनेटवर. त्यांच्या नावापुढे घुबडाचं चित्र होतं, म्हणून हे नाव. त्यांनी एक अवजार, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, लिहून सर्वांसाठी ठेवलं होतं. बिल्ड चालू असताना ते परवानग्यांचा तक्ता वाचायचं आणि प्रत्येक दारावर पहारा बसवायचं. स्लॅब टाकताना सेंट्रिंगच्या फळ्या लावतात, स्लॅब पक्का झाला की काढून घेतात, तसंच हे. काम झालं की ते माझ्याजवळ राहायचं, तयार सॉफ्टवेअरबरोबर बाहेर जायचं नाही. काकांनी ताईला लिहिलं होतं, 'आधी सगळ्यांना नाही म्हण. मग ज्याला जे खरंच लागतं, तेवढंच दे.'

शेवटची चौकट राहिली होती. ताई डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"बाबा, पेशंट तपासणीतून बाहेर गेला की नोंदीतला डोळा बदलायची परवानगी तुम्हालाही नाही. एकट्याला नाही. सिस्टरांनी पेशंटला विचारून हो म्हटलं, तरच."

डॉक्टरांनी कागदावरच्या आपल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. घाल कुलूप."

त्यानंतर अकरा वर्षं एकाही पेशंटचा डोळा चुकला नाही. माझे ते सुखाचे दिवस. ताईचे लॅपटॉप बदलले, खुर्च्या बदलल्या, डॉक्टरांचे केस पांढरे झाले, पण बिल्ड माझ्यावरच होत असे. पुढे मी गरम होऊन मध्येच बंद पडू लागलो. नवे चकचकीत संगणक आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. वाईट वाटलं. सकाळी खोली उघडली की कोणी माझ्याकडे बघतसुद्धा नसे.

नव्या संगणकांवर जुनं सॉफ्टवेअर चालेना, म्हणून नव्यानं बिल्ड करायचं ठरलं. ताईच्या मदतीला दुसऱ्या दवाखान्यातले एक गृहस्थ आले होते. कामाच्या वेगामुळे सगळे त्यांना झटपटराव म्हणत. तो सोमवार होता. गुरुवारी अठरा ऑपरेशनं होती. बिल्ड सुरू झालं आणि लाल अक्षरं उमटली. घुबडकाकांचं अवजार सापडत नव्हतं. ताईनं त्यांचं इंटरनेटवरचं पान शोधलं, तर पानच नव्हतं. काकांच्या मुलीनं कुठेतरी दोन ओळी लिहिल्या होत्या. काका दोन वर्षांपूर्वी वारले होते.

मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली. ते गेल्यावरही, कपाटावर जाईपर्यंत, मी माझ्याजवळच्या प्रतीवर ऐटीत बिल्ड करत होतो. ते अवजार बाहेर उरलंच नाही, हे माझ्यामुळेच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तेवढं पहाऱ्याचं तात्पुरतं काढून टाकू. बाकी सगळं चालतंय ना?" झटपटराव म्हणाले.

"तात्पुरतं काढलेलं परत कोण लावतं हो?" ताईचा आवाज रडवेला झाला होता. "आणि तोवर कोणाचा डोळा गेला तर?"

नेमके त्याच वेळी दुरुस्तीवाले आले. माझ्या आतलं सगळं पुसून मला भंगारात द्यायचं काम त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला खाली उतरवलं, धूळ झटकली आणि वायर जोडली.

औषधांचा ट्रे घेऊन आलेल्या सिस्टर दारातच थांबल्या. "ताई, पूर्वी हे या पेटीवरच व्हायचं ना? मग पुसायच्या आधी तिला एकदा विचारा की."

ताई ताडकन उठली. तिनं माझं रुतलेलं बटण पेनाच्या टोकानं दाबलं. पंखा खोकला, थांबला, पुन्हा खोकला. मी सगळा जीव एकवटला. घुबडकाकांचं अवजार माझ्याजवळ होतं, त्यांच्या मूळ लिखाणासकट. ती फाइल नव्या संगणकावर गेली तेव्हा ताई ओंजळीत तोंड लपवून रडली.

संध्याकाळच्या आत बिल्ड झालं. पहारा बसलाय की नाही हे बघायला ताईनं डॉक्टरांनाच बसवलं. त्यांनी एका जुन्या पेशंटचा डोळा बदलायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा सॉफ्टवेअरनं नकार दिला. इतका खूश झालेला म्हातारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ताईनं ते अवजार घुबडकाकांच्या नावानं पुन्हा सगळ्यांसाठी खुलं केलं. सहाही दवाखान्यांनी आपापली प्रत घेतली. मित्रांनो, तुम्ही ज्यांच्या आधारावर उभे आहात त्यांची नावं लिहून ठेवा, आणि ते अजून आहेत ना, हे अधूनमधून बघत जा. माझ्यासारखं गृहीत धरू नका.

दुरुस्तीवाले उद्या परत येणार आहेत. ताई म्हणाली, "राहू दे त्याला, पुसायला नको." तिला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं: पुस गं. जे फक्त माझ्याजवळ होतं, ते आता सगळ्यांजवळ आहे.