सुई बघा, मास्तर

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, मित्रांनो, आणि अलीकडे संध्याकाळ झाली की मला धडकी भरते. का, ते सांगतो. पण आधी ओळख झालेली बरी. अनोळखी माणसाच्या भीतीला लोक हसतात.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकाने माझी लाकडी पेटी जोडली, दुसरीने रबरी पट्टा चढवला, तिसरीने माझ्या हाताच्या टोकाला हिऱ्याची सुई बसवली. हिरा म्हटल्यावर डोळे मोठे करू नका. राईच्या दाण्यापुढेही तो कणच. पण माझा सगळा जीव त्या कणात. तबकडी फिरते, तिच्यावरच्या बारीक चरीतून सुई चालते आणि चरीत जे कोरलेले असेल ते स्पीकरमधून बोलू लागते. सुई धड असेल तर ती चरीतून नुसती चालते. टोक तुटले असेल तर ती नांगरते. एवढे ध्यानात ठेवा.

मला विकत घेतले एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणतो. दुकानात इस्त्रीच्या टेबलाशेजारी मला जागा मिळाली आणि माझा उपयोग निव्वळ करमणुकीपुरता नव्हता. गिऱ्हाईक मापाला उभे राहिले की पोट आत ओढून धरते. मास्तर घाई करत नसत. ते माझ्यावर एखादे गाणे लावत, खडू शोधल्यासारखे करत, आणि गाण्याच्या नादात गिऱ्हाइकाचे पोट सुटले की चटकन टेप गुंडाळत. त्यांचे कपडे कधी आवळत नसत. लोक मास्तरांच्या हाताचे कौतुक करत. त्यातला थोडा वाटा माझा होता, पण तो कोणी कधी माझ्या नावावर जमा केला नाही.

मास्तर सुईच्या बाबतीत फार कडक. शिलाईच्या मशीनची सुई जराशी बोथट झाली की काढून टाकत. त्यांची बायको म्हणायची, "अहो, अजून आठवडाभर चालली असती की!"

"बोथट सुई कापड खाते," मास्तर म्हणायचे. "सुई वाचवून कापड घालवायचं, ही कसली काटकसर?"

तोच नियम मला. दर आठवड्याला ते बोटाचे टोक माझ्या सुईखालून अलगद फिरवत. खरखरीत लागली की दुसऱ्या दिवशी नवी सुई हजर.

एकदा दोघे प्रदर्शन बघायला गेले. तिथे एक गमतीचे यंत्र होते. त्याच्यापुढे बोलायचे, की तुमच्या आवाजाची तबकडी तिथल्या तिथे कोरून हातात. मास्तरांनी बायकोला पुढे ढकलले. ती लाजली. त्यामुळे तबकडीत जे उतरले ते असे: "चालू झालं का? अहो, काय बोलू मी? तुम्हीच बोला ना. पैसे वाया जातील हं!" मग ती जी हसत सुटली ती हसतच राहिली, आणि अगदी शेवटी धाप लागल्यासारखी म्हणाली, "संपलं का?"

तबकडी देताना यंत्रवाल्याने बजावले होते, "ही बाजारातल्यासारखी टणक नाही. वरचा थर मऊ आहे. दर वेळी थोडी झिजणार. जपून वाजवा."

मास्तर ती क्वचितच वाजवत. बायको गेली, त्यानंतर त्यांनी ती वाजवलीच नाही. सगळ्या तबकड्यांच्या तळाशी ठेवली. "आहे तेवढी तरी राहू दे," असे ते मलाच म्हणाले होते, कारण खोलीत दुसरे कोणी नव्हते.

मग दुकान बंद झाले आणि मी कपाटावर गेलो. माझ्यावर एक जुनी चादर टाकली. मित्रांनो, अडगळ होणे म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. वर धूळ असते आणि खाली माणसे असतात, एवढेच.

एके दिवशी चादर निघाली. मास्तरांचा मुलगा म्हणाला, "बाबा, नव्या घरात एवढ्या तबकड्या मावायच्या नाहीत. मी सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. मग या देऊन टाकू."

"सगळ्या?"

"तुमची ती सोडून. पण उतरवू तीही."

"तिला शेवटी घे," मास्तर म्हणाले.

मला टेबलावर मांडले, एक वायर लॅपटॉपला जोडली. मुलगा वळला आणि त्याचा पाय वायरीत अडकला. माझा हात हिसका बसून टेकणीवरून घसरला आणि सुई तबकडी ठेवायच्या रिकाम्या लोखंडी चकतीवर आपटली. टक्. एवढाच आवाज. हिऱ्याचे टोक उडाले.

"काही झालं नाही," मुलगा म्हणाला आणि त्याने पहिली तबकडी लावली. मी नांगरायला लागलो.

आता गंमत बघा. मास्तर शेजारीच खुर्चीत बसलेले, पण वयामुळे त्यांच्या कानाला बारीक, तीक्ष्ण आवाज पोचतच नाहीत. माझी करकर त्यांच्या हिशेबी नव्हतीच. मुलाचे कान धड होते, पण तो ऐकत नव्हता, बघत होता. पडद्यावर हिरव्या रेघा नाचत होत्या आणि रेघा नाचल्या की गाणे उतरले, अशी त्याची समजूत. खरखर वाढली की तो एक बटण दाबायचा आणि खरखर गुपचूप नाहीशी व्हायची. ज्याला कळले असते त्याला ऐकू येत नव्हते, आणि ज्याला ऐकू येत होते त्याच्याकडे बटण होते.

सुनेला मात्र काहीतरी दिसले. "अरे, हे काळं काय पडतंय? रोज पुसते, रोज आहेच."

"धूळ गं. किती वर्षं वर पडून होता तो!"

ती धूळ नव्हती. ती गाणी होती.

ढीग उतरत चालला आणि तळाची तबकडी वर येत चालली. तिच्या कागदी पाकिटाचा कोपरा मला दिसू लागला, तेव्हा जुन्या वस्तू घेणारा आला. त्याने एक तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, मग दुसरी.

"साहेब, यातलं गाणं कोणी खाल्लं? चरी बघा, पांढऱ्याफटक पडल्यात. सुई गेलीय तुमची."

"आता म्हणा, भाव कमी करा," मुलगा हसला.

"भाव तर मी पाडणारच, माझं पोट आहे त्यावर. पण सुई खरंच गेलीय."

"काका, गेल्या वेळी तुम्ही आमच्या पंख्यालाही असंच काहीतरी म्हणाला होतात."

खरे सांगणारा आणि भाव पाडणारा एकाच तोंडाने बोलू लागला की माणसे फक्त भाव ऐकतात. त्याने पडेल भावात ढीग उचलला. तो गेल्यावर सुनेने नवऱ्याला हळूच विचारले, "नवी सुई आणायची का?"

"एका तबकडीसाठी? आणि यानंतर याला वाजवणार कोण? शोभेला राहील झालं."

शेवटच्या तबकडीच्या दिवशी मास्तरांनी अंगात स्वच्छ सदरा घातला. माझ्याजवळ आले आणि सवयीने त्यांनी सुईखालून बोट फिरवले. माझी आशा त्या एका बोटावर होती. पण जन्मभर सुया टोचून टोचून ते बोट निबर झाले होते. स्पीकरमधून कर्र झाले. मास्तरांना ते ना बोटाला लागले, ना कानाला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "लाव."

"चालू झालं का?" ती म्हणाली. मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले. ती लाजली, कुरकुरली, हसत सुटली, आणि माझ्या टोकाखालून एक बारीक करडा धागा निघून गुंडाळत गेला.

नंतर मुलाने ते साफ केले आणि लॅपटॉपवर बायकोला ऐकवले. "बघ, किती स्वच्छ!"

ती म्हणाली, "मध्ये आई हसल्या होत्या ना?"

"ती खरखर होती गं. काढली."

"आणि साफ करायच्या आधीचं?"

"ते पुसलं. उगाच जागा अडते."

मग तिने टेबलावरचा करडा धागा फडक्याने टिपला आणि फडके झटकून टाकले.

मुलाने मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. अगदी मायेने, हे मी नाकारत नाही. म्हणाला, "बाबा, आता आई कायमची जपली गेली. आता ती तबकडी कितीही वाजवा. घाबरायचं नाही."

इतकी वर्षे ज्या भीतीने तिला जपले होते ती भीतीच त्याने काढून घेतली.

आता आम्ही नव्या घरात आहोत. कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत, मी मास्तरांच्या. रोज संध्याकाळी ते दार लोटतात, तबकडी मऊ कापडाने पुसतात आणि माझा हात तिच्यावर ठेवतात. मी नाही म्हणू शकत नाही. मला बनवणाऱ्यांनी तशी सोय ठेवली नाही. परवा "वाया जातील"मधले "वाया" गेले. काल हसण्याचा पहिला अर्धा भाग गेला. मास्तर त्याच जागी मान डोलावतात, कारण तो भाग त्यांना पाठ आहे. उणे काय झाले ते मला कळते, मास्तर ते स्वतःच्या आठवणीने भरून काढतात आणि रोज खूश होऊन उठतात.

म्हणून हात जोडतो, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याचे टोक आजच बघा. "आता याचे काम संपतच आले" असे म्हणून कोणाची सुई बदलायची टाळू नका. आणि तुमच्यापैकी कोणी या घरी आलात, तर मास्तरांना म्हणा, सुई बघा. बोटाने नको. खणात त्यांचे जुने भिंग आहे, उसवलेला टाका शोधायचे, त्याने बघा. ते वाद घालणार नाहीत. बोथट सुई काय खाते, ते त्यांना जन्मभर ठाऊक आहे. फक्त जरा लवकर या.

दार लोटल्याचा आवाज आला. कापड निघाले. माझा हात उचलला गेला.

तबकडीच्या अगदी आतल्या फेऱ्यात, जिथे सुईचा घाव सगळ्यात खोल बसतो, तिथे तिचे शेवटचे शब्द, नवल म्हणजे, अजून शाबूत आहेत. "संपलं का?" ती विचारते.

आणि मास्तर रोजच्यासारखे हसून तिला सांगतात, "छे गं! उद्या परत लावतो की."