अक्काच्या वाट्याचं पाणी

मित्रांनो, भंगाराच्या या ढिगात मला ओळखणं कठीण आहे. जाळी वाकलेली, कडेची टाकी चिरलेली, पोटात पांढरा गाळ. मी एका जुन्या मोटारीचा रेडिएटर आहे.

कारखान्यात माझ्या बारीक नळ्या एकीशेजारी एक बसवल्या, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चुण्या घातल्या. काम एकच. इंजिनात तापलेलं पाणी माझ्याकडे यायचं, वाऱ्यावर मी ते निववायचो आणि परत पाठवायचो. त्या पाण्यात हिरवं कूलंट असे, म्हणून ना गंज धरे ना क्षार. "आमच्या गाडीचं डोकं कधी तापत नाही," असं मालक सांगायचा. कौतुक गाडीचं होत असे, फुगायचो मी.

मालक शिंपी होता. त्याची थोरली बहीण, अक्का, त्याच्याकडेच राहायची. तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर तिचं रक्त धुवावं लागे. शिंपी दुकान बंद करून तिला दवाखान्यात न्यायचा. अंगात पाणी साठू नये म्हणून प्यायला पाणी मोजून मिळे, दिवसाला दोन लहान पेले.

त्याच सुमारास माझ्या एका सांध्यातून थेंब थेंब गळू लागलं. एका सकाळी, मी गार असताना, शिंपी नळाचं पाणी माझ्यात ओतत होता. अक्का जवळ आली. "आण तो जग इकडे, धाकट्या. मला नाही, तर निदान या गाडीला तरी पोटभर मिळू दे."

मग तो तिचा नेमच झाला. ओतताना ती गुणगुणायची:

"पी गं माझ्या बाई, पोटभर पाणी,
तहान माझी जाई, तुझ्या गं घशानी."

पाणी गटगट आत जाताना तिचे सुकलेले ओठही हलायचे. मित्रांनो, इतक्या मायेनं मला कुणी कधी काही दिलं नव्हतं. आणि त्याच पाण्यातला चुना माझ्या नळ्यांत साचत होता.

गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं एकदा झाकण उघडून पाहिलं. "शिंपीदादा, कूलंटचा पत्ताच नाही! नळ्या चोंदत चालल्यात. सांधा बदलू, आतून धुऊ. एका सकाळचं काम."

"गळती थांबली तर अक्का काय ओतेल? दिवसात तेवढीच हसते ती."

"अहो, गाडीचा गळा दाबून बहिणीला हसवताय होय?"

"बघू पुढच्या महिन्यात," शिंपी म्हणाला. असे चार महिने गेले.

एका भर दुपारी यंत्राची वेळ गाठायला निघालो. पुलाच्या चढावर माझा जीव कोंडला. निम्म्या नळ्या बंद. पाणी उकळलं, टाकी चिरली, वाफेचा लोट उठला आणि इंजिन जागीच जाम झालं. शिंपी येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होता, एकही थांबेना. अक्का कठड्याला टेकून धापा टाकत होती. निरोप मिळून तासाभरानं मिस्त्री दुसरी गाडी घेऊन पोचला.

अक्कानं त्याची बाही धरली. "खरं सांग रे. माझ्या पाण्यानं तर नाही ना झालं?"

मिस्त्रीनं शिंप्याकडे पाहिलं. "छे हो अक्का! पंख्याचा पट्टा तुटला. जुना माल आहे, चालायचंच."

"मग बरं," ती म्हणाली.

दवाखान्यात तिची वेळ दुसऱ्याला गेली होती. खाटा भरलेल्या. सकाळी पहिला नंबर देऊ म्हणाले. पण हृदय आधीच थकलेलं, अंगात साठलेलं पाणी छातीत चढलं. सकाळ तिला दिसली नाही.

पंधरा दिवसांनी शिंपी मिस्त्रीकडे आला. मला कापून ठेवलं होतं. चुन्यानं बुजलेल्या नळ्यांवरून त्यानं सुई धरणारी बोटं फिरवली.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"एकदाच सांगितलं, दादा. तुमच्याकडे बघून परत जीभ रेटली नाही."

मग दोघांनी मिळून मला या ढिगावर आणून ठेवलं.

मित्रांनो, गाडी गार असताना तुमच्या रेडिएटरचं पाणी बघत जा. कूलंट घाला, गळती त्याच दिवशी काढा, पोट धुऊन घ्या. एवढं केलंत तर तो वर्षानुवर्षं तुमची माणसं वेळेवर पोचवील. आणि कुणी मायेपोटी चुकत असेल, तर गप्प बसू नका. त्याचा हात हातात घ्या, हळू आवाजात सांगा. पण सांगा.