समोरच्या रांगेचा माणूस

सुलियाच्या आईला पहिल्यांदा दिवस गेले आणि बाप ऑकलंडच्या मांसाच्या कारखान्यातली नोकरी सोडून घरी परतला, त्या वर्षी सालेमुली गावाचा रग्बीचा संघ निघाला. बापाच्या ट्रंकेत होणाऱ्या बाळासाठी फ्लॅनेलचं कापड होतं आणि त्या कापडात गुंडाळलेला कातडी चेंडू. आई पुढे कित्येक वर्षं म्हणायची, की ह्या माणसानं ऊब दिली ती चेंडूला, पोरीच्या वाट्याला नुसतं फडकं आलं.

गावातली सगळी पोरं त्या चेंडूमागे लागली. चर्चच्या मागची जागा साफ केली. तिथे काळा दगड जमिनीतून वर येतो. तो पहारींनी फोडला, तरी एका कोपऱ्यात राहिलाच. पाहुण्या संघाला त्या कोपऱ्याकडे पळवत न्यायचं ही सालेमुलीची पहिली युक्ती. गोलाचे खांब नीरफणसाच्या सरळ ओंडक्यांचे. जर्सी पिठाच्या पोत्यांच्या, झाडाच्या सालीच्या रसात तांबड्या केलेल्या. पाऊस आला की रंग अंगावर उतरायचा. समोरच्यांना वाटायचं, ह्यांना रक्त फुटलंय तरी हे हटत नाहीत.

बाप तेव्हा नुसता तोमासी होता. पुढे घराण्यानं त्याला सेउमा ही उपाधी दिली, गावाच्या बैठकीत तो नेमून दिलेल्या स्वतःच्या खांबाला पाठ लावून बसायला लागला, आणि घरीदारी सगळे त्याला सेउमाच म्हणू लागले. सुलिया तेवढी बाबा म्हणायची.

सेउमाचा सगळा जीव स्क्रममध्ये. आठ जण इकडचे, आठ तिकडचे, खांद्यात खांदा अडकवून वाकायचं, समोरच्या रांगेतल्या तिघांनी पलीकडच्या तिघांच्या डोक्यांमध्ये डोकी घालायची, आणि रेटायचं. "पळायला काय, मासेसुद्धा पळतात," तो पोरांना म्हणायचा. "रेटायला माणूस लागतो." सालेमुली हरली असेल, पुष्कळदा हरली, पण स्क्रममध्ये मागे सरली असं बेटावर कोणी म्हटलं नाही.

मग दिवस फिरले. जाड मानेची, रेटणारी पोरं एकामागून एक विमानात बसली. कोणी ऑकलंडला, कोणी सिडनीला. नाताळला पैसे यायचे, पोरं यायची नाहीत. आणि त्याच सुमाराला नवा नियम आला. समोरच्या रांगेत शिकलेला, मुरलेला माणूसच पाहिजे. तो नसेल तर रेफ्रीला तसं सांगायचं आणि बिनरेट्याचं स्क्रम करायचं. म्हणजे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून वाकल्यासारखं करायचं आणि चेंडू बाहेर काढायचा. नियम मानांसाठी होता. माना मोडत होत्या. पण सेउमानं त्याला नाव ठेवलं, 'पास्टरांचं स्क्रम', कारण त्यात सगळे आशीर्वाद दिल्यासारखे उभे राहतात. ते नाव बेटभर झालं. एखाद्या संघाला हिणवायचं तर लोक कडेनं ओरडायचे, "आमेन! आमेन!"

सालेमुलीवर ती पाळी कधी आली नव्हती.

सुलियानं लहानपणापासून ह्या संघाच्या जर्सी धुतल्या. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ मालेको चार वर्षांचा होता. त्यालाही तिनंच वाढवलं, त्या जर्सींच्या ढिगावर निजवून. मालेको वाढला तो वेताच्या छडीसारखा. पाय असे की कोंबड्या पकडायला त्यालाच पाठवायचे. संघात तो कडेला खेळायचा, चेंडू हाती आला की वारा. सुलियाचा नवरा याकोपो शेजारच्या फालेतागाचा. लग्नानंतर सासऱ्याच्याच घरी राहायला आला, आणि पुढे संघाचा कप्तान झाला.

तो जून महिन्यातला शनिवार. समोर आसुइसाचा संघ, आणि सालेमुलीच्या समोरच्या रांगेतला तावाके, ज्याच्या मानेला जर्सीचं बटण कधी लागलं नाही, तो गुरुवारीच ऑकलंडच्या विमानात बसून गेलेला. सुलिया पाण्याची बादली घेऊन रेघेपाशी उभी होती. शेजारी खुर्चीवर सेउमा, हातात माश्या वारायची चवरी.

याकोपो आला आणि सासऱ्यासमोर वाकून हळूच म्हणाला, "सेउमा, तावाके नाही. दुसरा कोणी नाही. मी रेफ्रीला सांगतो, रेटायचं नाही म्हणून."

सेउमानं मान वळवली नाही. "आसुइसाचे लोक आमेन म्हणतील."

"म्हणू देत. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कोण उरलंय इथे?"

तेवढ्यात रेफ्री आला. राजधानीहून, आपियाहून आलेला तरुण माणूस, नवीकोरी शिट्टी गळ्यात. "कप्तान, तुमचा समोरच्या रांगेचा माणूस कोण?"

चवरी थांबली. सेउमा ओठातल्या ओठात म्हणाला, "मालेको." याकोपोनं चमकून बघितलं. सेउमा तसाच पुढे बघत म्हणाला, "सांग त्याला. मालेको समोर खेळलाय."

उपाधी घेतलेल्या माणसाचा शब्द, त्यात सासऱ्याचा. याकोपो रेफ्रीकडे वळून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मालेको. खेळलाय तो समोर."

बादलीतलं पाणी सुलियाच्या पायावर सांडलं. मालेको जर्सी खोचत तिच्यापाशी आला, एक घोट प्याला आणि हसला. "ताई, आज मी बैल."

"तू कसला बैल रे? तू बगळा. सांग जाऊन, मला जमत नाही म्हणून."

"सेउमाच्या समोर? त्यापेक्षा मान मोडलेली बरी," तो म्हणाला, आणि पळत गेला.

पहिलं स्क्रम टिकलं. दुसरं टिकलं. सेउमा खुर्चीतून उठून उभा राहिला होता. तिसऱ्याला आसुइसाचे आठही जण एकदम आले आणि समोरची रांग खाली बसली. ओली फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज आला. सगळे उठले, मालेको उठला नाही. त्याचे डोळे उघडे होते. तो म्हणाला, "माझ्या पायांवरून कोणीतरी उठा रे." त्याच्या पायांवर कोणी नव्हतं.

पिकअपच्या मागे चटईवर घालून त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या व्हरांड्यात सुलियानं नवऱ्याला गाठलं.

"तू 'नाही' का म्हणाला नाहीस?"

"तुझ्या बापाचा शब्द सगळ्यांसमोर खाली पाडू?"

"मग माझ्या भावाला पाडलंस."

याकोपो भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या गुडघ्यावर मैदानाची काळी माती तशीच होती. "ओरडून मीच सांगितलं," तो म्हणाला. "लोकांनी माझंच ऐकलंय. ते माझ्याच नावावर राहू दे. तू काही बोलू नकोस, सुलिया. म्हातारा जगायचा नाही."

सुलिया त्याला तिथेच सोडून आत गेली. आत सेउमा पोराच्या खाटेशी बसला होता. कोणी आलं की म्हणायचा, "देवाची मर्जी." मालेकोला बोलता येत होतं तोवर तो एवढंच विचारत होता, की आपण जिंकलो का. सेउमानं सांगितलं, जिंकलो. ते खोटं होतं.

सोमवारी पहाटे मालेको गेला.

गावात बोलणं सुरू झालं होतंच. जावई म्हणजे शेवटी बाहेरचा. त्याला कप्तान म्हणून मिरवायचं होतं. पोराला कापून खाल्लं त्यानं. सुलियाचा चुलतभाऊ फिलिपो दारासमोर बसून कोयत्याला धार लावत होता. नारळ सोलायला एवढी धार कोणी लावत नाही. याकोपो रविवारीच फालेतागाला आईकडे गेला होता, आणि तो तिथून काय घेऊन येणार ते सगळ्यांना माहीत होतं.

मंगळवारी उजाडताना ते आले. पुढे याकोपो, मागे त्याची आई, काका, भाऊ, सगळ्यांच्या माना खाली. सेउमाच्या घरासमोरच्या खड्यांवर ते बसले. पुढ्यात जमिनीतल्या भट्टीची लाकडं, दगड आणि हिरवी पानं ठेवली, म्हणजे हवं तर आम्हालाच भट्टीत घाला. मग याकोपोच्या डोक्यावरून त्यांनी घराण्याची बारीक विणीची चटई टाकली. लग्नामर्तिकांतून फिरत आलेली, रेशमासारखी झालेली जुनी चटई. तिच्याखाली तो गुडघ्यावर ओणवा बसला. आता आतल्या घराण्याच्या कर्त्यानं बाहेर यायचं आणि चटई उचलायची. उचलली तर माफी. नाही उचलली तर पुढे कोयते आहेतच.

घर चहू बाजूंनी उघडं. मध्ये मालेकोची उघडी शवपेटी, भोवती बायका. सेउमा आपल्या खांबाला टेकून बसला होता, चवरी मांडीवर. तो उठला नाही.

ऊन वर आलं. चटईखालून घाम खड्यांवर ठिबकायला लागला. फिलिपो कोयता घेऊन चटईभोवती चकरा मारू लागला.

"ऊठ की, कप्तान! रेट आता! आहे कोणी समोर?" त्यानं करवंटी भिरकावली. ती चटईवर आपटून घरंगळली. चटई हलली नाही. याकोपोची आई हुंदका गिळून तशीच बसून राहिली.

बायका कुजबुजल्या, "बाप आहे बिचारा. त्याचा जीव जळतोय, कसा उठेल?"

सुलिया भावाच्या तोंडावरच्या माश्या पंख्यानं वारत सगळं ऐकत होती. बापाचा जीव जळत होता हे खरंच होतं. पण तिला आणखी एक दिसत होतं. चटई जेवढा वेळ राहील तेवढा दोष त्या चटईखालच्या माणसात मुरणार. बाप हेच बघत होता का, का त्याचे पायच उठत नव्हते, ते तिला कळेना. फिलिपोच्या चकरा लहान होत चालल्या होत्या. तिनं पंखा दुसरीच्या हातात दिला, उठली, वाकून चालत बापासमोर गेली आणि मांडी घालून बसली.

"सेउमा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं दचकून वर बघितलं. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला उपाधीनं हाक मारली होती.

"सेउमा, रेफ्री विचारतोय. तुमचा समोरच्या रांगेचा माणूस कोण?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुःखानं पोरीचं डोकं फिरलं, असं कोणीतरी पुटपुटलं. सेउमाच्या तोंडावर काही हललं नाही, फक्त मांडीवरची चवरी खाली पडली आणि त्यानं ती उचलली नाही.

मग तो खांबाला धरून उठला. बाहेर गेला. फिलिपो बाजूला झाला. सेउमानं दोन्ही हातांनी चटई उचलली. याकोपोचं तोंड उकडल्यासारखं लाल झालं होतं, ओठ फुटले होते. दोन्ही घराण्यांच्या छातीतून एकदम श्वास सुटला, याकोपोची आई ओरडून रडायला लागली. आता म्हाताऱ्यानं जावयाला पोटाशी धरायचं आणि आत न्यायचं.

त्यानं पोटाशी धरलं नाही. "घरात जा, पोरा," तो म्हणाला. "तुझा मेव्हणा वाट बघतोय." आणि याकोपो जिथून उठला त्याच जागी, त्या लाकडांसमोर, स्वतः गुडघ्यावर बसला. चटई स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली.

"सेउमा, हे काय चालवलंय?" फिलिपो म्हणाला.

चटईखालून आवाज आला. "मालेकोचं नाव मी दिलं. ह्यानं माझा शब्द झेलला फक्त."

"काय बोलताय?"

"आमेन नको होतं मला," म्हातारा म्हणाला.

फिलिपोनं कोयता पायऱ्यांपाशी ठेवला आणि तो तिथून निघून गेला. फालेतागाचे लोक तसेच बसून राहिले. असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. ज्या घराण्याचं माणूस गेलं त्याच घराण्याचा कर्ता आपल्याच दारात ओणवा. ही चटई कोणी उचलायची? हळूहळू सगळे सुलियाकडे बघू लागले. मेलेल्याची थोरली बहीण, तिच्याच शब्दाला मान.

सुलियानं आत आलेल्या याकोपोला पाणी दिलं. मग ती पेटीपाशी जाऊन बसली आणि पंखा पुन्हा हातात घेतला.

दुपार झाली. पास्टर येऊन तिच्या कानाशी वाकले. "उन्हात आहे गं म्हातारा."

"मला दिसतंय."

"माफ कर, बाई. बाप आहे."

"मला ठाऊक आहे कोण आहे ते," सुलिया म्हणाली, आणि माश्या वारत राहिली.

याकोपो एकदा चटई उचलायला म्हणून उठू लागला. तिनं नुसतं बघितलं तसा तो खाली बसला. सावल्या लांब झाल्या. समुद्राकडून वारा आला, चटईच्या काठाची पिसांची झालर फडफडली. खाली म्हातारा वाकता वाकता कपाळ खड्यांना टेकवून राहिला होता.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. शंख वाजल्यावर सालेमुलीत कोणी बाहेर राहत नाही. चालता माणूससुद्धा जवळच्या घरात शिरून बसतो. सुलिया उठली, बाहेर गेली आणि चटई उचलली. बापानं मान वर केली. कपाळावर खड्यांचे ठसे उठले होते. त्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला.

"प्रार्थना सुरू होतेय," सुलिया म्हणाली. तिनं चटईची घडी घातली, ती याकोपोच्या आईच्या हातात दिली आणि आत गेली. म्हातारा आपला आपण उठला, मागून आला, आणि खांबापाशी न बसता पायऱ्यांपाशी बसला.

सालेमुलीचा संघ त्यानंतर उतरला नाही. मनाई कोणी केली नाही. पुढच्या मोसमात याकोपोला लोक विचारायला आले, तो म्हणाला, माणसं नाहीत. नीरफणसाचे खांब वाळवीनं खाल्ले. माती वाहून गेली तसा काळा दगड कोपऱ्यातून पुन्हा पसरला. जर्सी सुलियानं धुऊन, वाळवून, पोत्यात भरून ठेवल्या त्या अजून तशाच आहेत.

मालेको १९९७ सालच्या जून महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी पहाटे गेला. त्याचा बाप तोमासी सेउमा पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, लहान मुलांच्या सणाच्या रविवारी, चर्चमध्ये गाणी चालू होती तेव्हा, घरी एकटा असताना गेला.