विष्णूच्या उरलेल्या गोळ्या

"अक्का, ताप उतरला तरी गोळ्या संपवायच्या. जंतू यकृतात दडून बसतो," आरोग्य केंद्रातल्या शरण्यानं बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेले. गोळ्या माझ्या दिराच्या, विष्णुवर्धनच्या होत्या. तो गेल्या वर्षी पनवेलच्या बांधकामावरून हिवताप घेऊन कुंभकोणमला आला होता.

मधेच एकादशी आली. गोळी उपाशीपोटी चालत नाही, आणि आमच्या विठ्ठलाच्या घरात एकादशीला कुणी जेवत नाही. सासूबाई म्हणाल्या, आजचा दिवस राहू दे. द्वादशीला मी पाकीट पुढं केलं तर तो हसला. "वैनी, ताप गेला. आतां गोळी कोणास देऊं?" पाकीट मिक्सरमागे पडून राहिलं.

यंदा काम नव्हतं म्हणून तो बराच काळ घरी होता, अगदी धडधाकट. माझ्या मधुमिताला खांद्यावर बसवून पट्टीश्वरमच्या देवळात न्यायचा. मग मधूला थंडी वाजून ताप भरला. शरण्यानं घरातल्या सगळ्यांच्या रक्ताचे थेंब कागदावर घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली फक्त मधूच्या रक्तात जंतू सापडले. डास तिथलेच म्हणून सासूबाईंनी गच्चीवरच्या उघड्या टाकीवरून मला टोमणे मारले. विष्णू पनवेलला नव्या कामावर निघून गेला.

परवा शरण्या स्वतः घरी आली. प्रयोगशाळेत जंतूंच्या जनुकांतल्या खुणा ताडून पाहिल्या होत्या. विष्णूचा गेल्या वर्षीच्या तापातला जपून ठेवलेला थेंब, आताचा थेंब आणि मधूचा, तिन्हींतल्या खुणा एकच. त्याच्या रक्तात जंतू इतके थोडे होते की सूक्ष्मदर्शकाला दिसलेच नाहीत. तो जुनाच ताप अंगात घेऊन फिरतोय, आणि डासांनी तोच मधूला दिला.

शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, संध्याकाळी हुडहुडी भरते, दमलो असेन. मीही म्हटलं, झोप काढ. तेव्हापासून फोन बंद. मुकादम सांगतो, तो दुसरीकडे गेला, कुठं ते ठाऊक नाही. त्याला शोधायला माझे यजमान कालच गाडीत बसलेत. इथं मधू गोळ्या घेतेय. आज एकादशी, पण सासूबाईंनी तिच्यासाठी स्वतः दहीभात कालवला. घास भरवताना त्या एकदाही माझ्याकडे बघू शकल्या नाहीत.

तुम्ही पनवेलच्या बाजूला राहत असाल, तर जवळच्या बांधकामावर एकदा डोकावा. उंच, सावळा, आमच्या तंजावरकडची जुनी मराठी बोलणारा. लोक त्याच्या बोलण्याला हसत असतील, त्यावरून ओळखाल. कपाळाला हात लावून बघा. बरा आहे म्हणाला तरी ऐकू नका, दवाखान्यात न्या. आणि आधी त्याला काहीतरी खायला घाला.