सगळ्यांआधी काढलेला डबा

आचारी आयुष्यात एकदाच खोटं बोलला होता. पण ते खोटं असं होतं, की एकदा बोलून भागेना. दर गुरुवारी ते नव्याने बोलावं लागे, आणि असे गुरुवार अकरा वर्षं येत राहिले.

तो कागदाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये होता. तीन पाळ्या, चारशे माणसं, आणि गुरुवारी बटाट्याचा रस्सा. त्यात कांदा, लसूण, टोमॅटो, मिरी आणि बटाटे, बाकी काही नाही. दोघांनी कान धरून उचलावं लागे असं ते पातेलं सकाळी दहाला चुलीवर चढायचं, ते संध्याकाळी सहाला उतरायचं. कारखान्याचा नियम होता, की शेवटच्या कामगाराचं जेवण होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या कोणी स्वतःसाठी अन्नाला हात लावायचा नाही. हा नियम सगळेच मोडत. भांडी घासणारा मोडे, भाजी चिरणारी मोडे, मॅनेजर तर पहिली पाळी बसायच्या आधीच मोडून मोकळा होई. आचारी मोडत नसे. तो तत्त्वाचा माणूस आहे, असं त्याच्या निरोपाच्या भाषणात कोणीतरी म्हणालं. तो स्वतःला भित्रा समजत असे, आणि ते जास्त खरं होतं.

म्हणून घरी न्यायचा डबा तो सगळ्यात शेवटी भरी. तोवर पातेल्यात उरणार काय? आठ तास आटलेला, बटाटे विरघळून गेलेला, बुडाला लागलेला तांबूस लगदा. तो डावाने खरवडून डब्यात घ्यायचा आणि दोन बस बदलून घरी यायचं. बायको वारलेली. लेक शेजारच्या काकूंकडे वाट बघत बसलेली असे. लहानशी आणि तिखट, म्हणून तो तिला मिरी म्हणायचा. ती नऊ वर्षांची असताना काकूंच्या मुलाने तिला चिडवलं, की तुझा बाप लोकांचं उरलंसुरलं आणतो. त्या दिवशी तिने डबा उघडायच्या आधी खरं काय ते विचारलं. आचाऱ्याने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"छे," तो म्हणाला. "चारशे माणसांआधी मी तुझा डबा काढून ठेवतो."

मिरीने डोळे पुसले आणि डबा चाटूनपुसून रिकामा केला. त्यानंतर दर गुरुवारी ती डबा उघडताना विचारायची, सगळ्यांआधी ना? आणि तो हो म्हणायचा. शिक्षणासाठी ती घराबाहेर पडेपर्यंत हे चाललं.

आता मिरी अडतीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तीन आठवड्यांपूर्वी ती दोन बॅगा घेऊन बापाच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. नवऱ्याशी पटत नाही, एवढं एक वाक्य तिने सांगितलं, आणि आचाऱ्याने दुसरं मागितलं नाही. ती रडत नव्हती, चिडचिड करत नव्हती, वेळेवर कामाला जात होती. फक्त जेवत नव्हती. माणसाच्या मनातलं आचाऱ्याला फारसं वाचता येत नसे, पण परत आलेलं ताट तो बरोबर वाचत असे. आणि मिरीचं ताट रोज जवळपास जसंच्या तसं परत येत होतं. तिच्या मनगटावरचं घड्याळ आता कोपरापर्यंत घसरायचं. आचाऱ्याला भीती वाटत होती.

एका संध्याकाळी तीच म्हणाली, की मनाला अगदी मरगळ आलीय, गुरुवारचा रस्सा करशील का. तीन आठवड्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. आचाऱ्याच्या पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं. तो लगेच बाजारात गेला, बटाटे एकेक करून हातात तोलून घेतले, टोमॅटो दाबून पाहिले म्हणून भाजीवालीची बोलणी खाल्ली, आणि तासाभरात असा रस्सा केला, की चाळीस वर्षांच्या नोकरीत झाला नव्हता. बटाटा अख्खा पण मऊ, रस लालसर, काळ्या मिरीचा वास दारापर्यंत.

मिरीने तीन चमचे खाल्ले. छान झालाय, म्हणाली, पाहुण्यांकडे जेवायला गेल्यावर म्हणतात तशी. मग चमचा ठेवून म्हणाली, "पण तो हा नाही, बाबा."

आचाऱ्याने हल्लीच्या बटाट्यांना नावं ठेवली. गॅसच्या आचेला नावं ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं. खरं तर काय चुकलं ते त्याला पहिल्या चमच्यालाच कळलं होतं. काहीच चुकलं नव्हतं, हीच चूक होती. हा वरचा रस्सा होता, चारशे माणसांचा. मिरीने तो जन्मात कधी खाल्ला नव्हता.

सांगून टाकावं, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो घसा खाकरून तयारही झाला. पण त्याच्या आधी मिरी बोलली. कपाकडे बघत, कोणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तशी.

"त्या घरात आधी त्याचं ताट, मग सासूबाईंचं, मग दिरांची मुलं. मग कुत्रा. मग मी. नऊ वर्षं. मी हसण्यावारी न्यायचे. एकदा त्याला म्हटलं, आमच्याकडे चारशे माणसांआधी माझा डबा निघायचा. तर म्हणाला, मग तिकडेच जा." तिने कप खाली ठेवला. "तेवढ्यावर काढली नऊ वर्षं. कोणीतरी एकदा तरी मला पहिलं वाढलंय म्हणून."

आचाऱ्याने पुन्हा घसा खाकरला आणि खोकला झालाय असं सांगितलं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर लेकीच्या हातातली शेवटची काठी काढून घेतल्यासारखं होणार. न सांगावं तर तो तळाचा रस्सा आणायचा कुठून? दोन दिवस त्याने विचार केला. मग गुरुवारी सकाळी मिरी कामावर गेल्याबरोबर त्याने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि दहाच्या ठोक्याला चढवलं.

करायचं एवढंच होतं, की भाजी आठ तास ठेवायची आणि बुडाला लागू द्यायची. हे काम कोणीही करू शकेल. ज्याने चाळीस वर्षं भाजी बुडाला लागू दिली नाही म्हणून पगार घेतला, त्याला सोडून. कँटीनमध्ये तळ लागायचा तो पातेलं मोठं आणि चूल आडदांड म्हणून, त्याचा इलाज चालत नव्हता म्हणून. इथे इलाज चालत होता. बारा वाजता त्याचा हात आपोआप डावाकडे गेला आणि ढवळून आला. एक वाजता पुन्हा गेला. दोन वाजता त्याने डाव कपाटात ठेवून कुलूप लावलं. तीनला वास बदलायला लागला तसा तो चपला घालून जिन्यात जाऊन बसला. वरच्या मजल्यावरची बाई जाता जाता म्हणाली, की तुमच्याकडे काहीतरी करपतंय वाटतं. हो, म्हणाला, करपू द्या. बाईने त्याच्याकडे काळजीने पाहिलं.

सहाला त्याने गॅस बंद केला. तळाचं निघालं तेवढं खरवडून जुन्या डब्यात भरलं. झाकणाला पोचा होता तो अजून होताच. डबा पिशवीत घालून तासभर खुंटीला टांगला, दोन बसचा प्रवास म्हणून. खिडक्या उघडल्या. पातेलं मोरीत, बादलीमागे लपवलं.

मिरी आली, हातपाय धुतले आणि डबा पाहून थबकली. उघडला. वर साय धरल्यासारखा जाड थर आला होता. तिने पावाचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि बराच वेळ चावतच राहिली. मग दुसरा. मग ती खाली मान घालून जेवायला लागली आणि मान वर करेना. आचारी समोर बसून पाव संपतोय का ते बघत राहिला. पाव संपला. त्याने दुसरा पुढे सरकवला.

"सगळ्यांआधी ना?" डब्याच्या कडा पुसून घेत तिने विचारलं.

"हो," आचारी म्हणाला.

डबा घेऊन ती मोरीत गेली. मग बादली सरकल्याचा आवाज आला. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईपासून पातेलं लपवायचं म्हणजे कठीणच.

ती पातेलं घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तळाला तांबूस-काळी खरपुडी चिकटलेली होती. तिने चमच्याने ती खरवडली, चाखली, पुन्हा खरवडली.

"कँटीनमध्ये हे तळाचं कोणाला द्यायचास?"

आचारी म्हणाला, "जो सगळ्यात शेवटी राहायचा त्याला."

"मग सगळ्यात चांगलं त्यालाच मिळायचं," मिरी म्हणाली, आणि दुसरा चमचा त्याच्या हातात दिला.

तिला कळलं होतं की नाही, ते त्याने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. तो कसाबसा खाली बसला, गुडघे कुरकुरले. चाळीस वर्षांत त्याने तळाचं स्वतः कधी चाखलं नव्हतं, मिरी घरी असेपर्यंत ते सगळं डब्यात गेलं, नंतर भांडी घासणाऱ्याकडे. त्याने कडेचा एक तुकडा सोडवून तोंडात घातला.

चांगलं होतं. वरच्यापेक्षा पुष्कळच चांगलं होतं.