टेकडीमागचा जावई

एक उंट ओढून काढायला माणसाला किती वेळ लागावा? डेस्मंडला, म्हणजे माझ्या जावयाला, मी सकाळीच निरोप धाडला होता. थेट नाही, आमच्यात रीतच आहे, सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, समोर येत नाहीत. दवाखान्यातल्या बाईला गाडीतल्या रेडिओवरून म्हटलं, "त्याला सांग, आमच्या खडकातल्या कुंडात उंटाचं पिल्लू पडलंय. साखळी घेऊन ये. ते आत मेलं तर पाणी नासेल."

माझ्या बापाचं कुंड हे. कितीतरी कोरड्या उन्हाळ्यांनंतर यंदा कुठे भरलं होतं. माझी लेक नोरीन शहरात बाळंत झाली, तिला बाळासाठी त्यातलं बाटलीभर पाणी हवं होतं. कुंडावर मी फांद्या घट्ट रचल्या होत्या, पण या रानटी उंटांना कसली लाज! सगळ्या उधळल्या. आता बाकीच्यांना दगड मारमारून हाकलत मी तिथेच बसले होते आणि आत पिल्लू पाय झाडत होतं.

"कुठं उलथलाय हा माणूस!" मी आमच्या कुत्रीवर खेकसले. "जा गं बिस्किट, बघून ये."

ऊन डोक्यावर आलं. पिल्लाची मान पाण्यात गेली ती वर आलीच नाही. संतापानं मला रडू फुटलं.

तेवढ्यात बिस्किट टेकडीमागून पळत आली. तोंडात कांगारूची भाजलेली शेपटी! बघते तर टेकडीमागे धूर.

मी पाठ फिरवून ओरडले, "बिस्किट, विचार त्या शहाण्याला! इथं उंट मेला आणि तू तिकडे शेपट्या भाजतोयस?"

टेकडीमागून आवाज आला. "बिस्किट, त्यांना सांग, मी सकाळपासून इथंच आहे. कुंडाशी त्यांची गाडी दिसली. त्या कधी निघतात, वाट बघत होतो."

"अगं, मग हाक मारायची ना!"

"कुणाला मारणार हाक, बिस्किट?"

मी कपाळावर हात मारला.

मी गाडीत तोंड लपवून बसले, त्यानं धूड ओढून काढलं. पाण्याला वास सुटला होता. सगळं उपसावं लागलं.

संध्याकाळी नोरीनचा फोन. "आई, पाणी? डेस्मंड वेळेवर नाही आला?"

"आला की. अगदी वेळेवर," मी म्हटलं. "फार रीतभात पाळणारा नवरा आहे बाई तुझा. आणि आईही तसलीच."