बशीत न वाढणाऱ्या जंतूचं बिऱ्हाड

“या थर्मासात जे आहे ना आई, ते आजवर जगात कुणाच्या बापाने पाहिलेलं नाही!” असं छातीठोकपणे सांगून सूनबाई आंघोळीला गेली. बाहेर आली तेव्हा थर्मास ओट्यावर पालथा पडला होता. धुऊन, पुसून, लख्ख.

“बुडाशी काहीतरी गुलाबी, बुळबुळीत बसलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “सोडा घालून उकळतं पाणी ओतलं, तेव्हा कुठे सुटलं.”

“आई, ते उकळत्या पाण्यातच राहतं!”

“तरीच म्हटलं, एवढं चिवट कसं.”

सासूबाईंची चाळीस वर्षांची लाँड्री. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवतात, त्यात त्यांचा काय दोष? सूनबाईने कपाळाला हात लावला आणि कॅलेंडरकडे पाहिलं. संस्थेतल्या कामाच्या आढाव्याला पाच आठवडे उरले होते.

ती संशोधन संस्थेत गरम झऱ्यांमधले जंतू शोधायची. हे जंतू मोठे नखरेल. प्रयोगशाळेच्या बशीत ठेवा, हवं ते खायला घाला, हवी तशी ऊब द्या, ढिम्म वाढत नाहीत. मग त्यांना न वाढवताच ओळखायचं. पाण्यातला सगळा डीएनए काढायचा, यंत्राकडून वाचून घ्यायचा आणि तुकडे जोडून जोडून एकेकाची कुंडली मांडायची. दोन वर्षांत एकही कुंडली पुरी झाली नव्हती. या आढाव्यातही झाली नाही, तर तिची चार नंबरची खोली माशांच्या विभागाला जाणार होती. मासेवाले सर आत्ताच येताजाता खिडकीतून डोकावून “हवा छान येते हो इथे,” म्हणायचे.

ती दुसऱ्याच दिवशी पुन्हा झऱ्यावर गेली. सासूबाईही हट्टाने बरोबर गेल्या. “मी सांडलं, मी भरून देते.” या वेळी पाणी तिथेच गाळलं आणि गाळणकागद बर्फात घालून थेट प्रयोगशाळेत नेला. घर वाटेत लागूच दिलं नाही.

तीन आठवड्यांनी यंत्राकडून तुकडे आले. लाखो. सूनबाई लॅपटॉप घेऊन लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलापाशी बसली, कारण घरी नवरा “झालं का?” असं दर दहा मिनिटांनी विचारायचा. चार दिवस ती तुकड्यांचे ढीग लावत होती. दोन जंतू मात्र काही केल्या वेगळे होईनात.

“काय गं, रडतेस की काय?”

“रडत नाही. हे दोघं सारखेच दिसतात. कुठला तुकडा कुणाचा, कळत नाही.”

सासूबाईंनी चादरीची घडी दाताखाली धरूनच विचारलं, “किती वेळा आलेत?”

“म्हणजे?”

“अगं, हॉस्टेलचा गठ्ठा येतो. मोजे सगळे काळे, नाव कुणावरच नाही. पण एकजण रोज बदलतो आणि एकजण रविवारच्या रविवार. मोजले की आपोआप कळतं कुणाचे कुठले.”

सूनबाई झटकन पडद्याकडे वळली. कुठला तुकडा किती वेळा वाचला गेला, याचा रकाना समोरच होता. घाईत तिने त्याला हातच लावला नव्हता. एकाचा प्रत्येक तुकडा चाळीसेक वेळा वाचलेला, दुसऱ्याचा नऊच्या आसपास. अर्ध्या तासात दोन ढीग वेगळे.

“आणि हे पाच तुकडे?” सासूबाईंनी पडद्यावर बोट टेकलं.

“ते कोऱ्या पाण्याच्या नळीतही आलेत. झऱ्याचं पाणी न घालता, तपासणीपुरती चालवतो ना, त्या नळीत.”

“मग तो साबण. काढून टाक.”

ते रसायनांतूनच आले होते. काढून टाकले. उरली ती दोघांपैकी एकाची सत्त्याण्णव टक्के पुरी झालेली कुंडली, आणि तिच्याशी जुळणारा जंतू जगातल्या कुठल्याच यादीत नव्हता. सूनबाईने लाँड्रीत अशी आरोळी ठोकली की कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक कोट न घेताच गेलं.

आढाव्याच्या दिवशी तिला आकाश ठेंगणं झालं होतं. समितीपुढे ती तासभर धडाडली. अध्यक्षांनी मान डोलावली. मासेवाले सरही कोपऱ्यात बसले होते.

“या पद्धतीची खरी गंमत सांगू?” समारोप करताना ती म्हणाली. “बशी नको, उबवायचं कपाट नको, खाणंपिणं नको. जंतू झऱ्यात सुखी आणि आम्ही कॉम्प्युटरपुढे!”

मासेवाले सरांनी हळूच हात वर केला. “म्हणजे मॅडम, खोली लागत नाही?”

“छे हो, अजिबात...” ती म्हणाली आणि थांबली. पण लेखनिकाने तोवर लिहून घेतलं होतं.

समितीने एकमताने तिचं अभिनंदन केलं. प्रकल्पाला तीन वर्षं वाढवून दिली. चार नंबरची खोली मासेवाल्यांना दिली आणि तिला व्हरांड्यात एक टेबल.

“जिंकलीस ना?” संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

“जिंकले! तीन वर्षं!”

“आणि खोली?”

“त्या जंतूला खोली लागत नाही, आई.”

“तू जंतू आहेस का?”

“असू दे हो. टेबल तर टेबल. पुढचे दहा जंतू त्याच टेबलावर काढून दाखवते की नाही बघा!”

सोमवारी दुपारी सुतार आला. व्हरांड्यातला एकमेव प्लग चार नंबरच्या दाराशेजारी होता, म्हणून त्याने टेबल तिथेच दाराला लावून जमिनीत चार बोल्टनी पक्कं केलं आणि निघून गेला. ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं. मासेवाले सर आणि त्यांचे दोन सहकारी तेव्हा आत होते.